पाळणा तोच, पाटी नवी

अमळनेरच्या यात्रेत ‘ब्रेकडान्स’ नावाचा पाळणा येतो, त्याच्या कमानीवर आधी मिथुन होता. मग गोविंदा आला. मग उघड्या अंगाचा सलमान. मधे एकदा कुणी परदेशी नाचणारा होता, पण त्याचा चेहरा रंगवणाऱ्याला जमला नाही आणि तो आमच्या तालुक्यातल्या एका पुढाऱ्यासारखा दिसायला लागला. लोक त्याच्याकडे पाहून हसायचे आणि तिकीट काढायचे. आता हाताने रंगवलेले पत्रे गेले, फ्लेक्स आला, आणि फ्लेक्सवर दक्षिणेतला जो कुणी त्या वर्षी चालत असेल तो. पाळणा मात्र तोच. तेच गोल बाक, ऐन वेगात मानेला बसणारा तोच हिसका, जनरेटरचा तोच धूर.

ही यात्रा संत सखाराम महाराजांची. वैशाखात, बोरी नदीच्या पात्रात. एकादशीला रथ निघतो, पौर्णिमेला पालखी, आणि त्याच्या आगेमागे नदीत दुसरं गावच वसतं. भांड्यांची दुकानं, रसवंत्या, गोडीशेव, जिलेबी, आणि पलीकडे पाळणे. ड्रॉइंग मास्तर होण्याआधी, कॉलेजच्या सुट्ट्यांत, मी एका पेंटरच्या हाताखाली या पाळण्यांच्या पाट्या रंगवल्या आहेत. काम ठरलेलं असायचं. पाळणेवाल्याचे ट्रक आले की पत्रे उतरवायचे, मागच्या वर्षीचा हिरो खरवडायचा, रेड ऑक्साइडचं अस्तर मारायचं, मासिकातल्या फोटोवर पेन्सिलीने बारीक चौकटी आखायच्या, पत्र्यावर खडूने मोठ्या, आणि चौकटीगणिक नाक-डोळे उतरवत जायचं. घाई असली की खरवडणं आणि अस्तर दोन्ही टळायचं. मग भर उन्हात नव्या हिरोच्या गालातून जुन्याच्या मिश्या डोकवायच्या. पेंटर म्हणायचे, “रातले कोन देखस?”

‘आमचा मिथुन परत आणा’ म्हणून कुणी पाळणेवाल्याशी भांडलेलं मी पाहिलं नाही. म्हणून भाच्याचा फ्लोरिडाहून फोन आला तेव्हा त्याचं दुखणं समजायला मला जरा वेळ लागला.

“मामा, आम्हना डोंगर बंद करी टाका.”

२०२३ चा जानेवारी. हा पोरगा याच बोरीच्या पात्रात वाढलेला. आता टँपाला असतो, दोन लेकरांचा बाप, आणि ऑरलँडोजवळच्या डिस्नेच्या मॅजिक किंगडम या थीम पार्कचा वर्षाचा पास खिशात. त्यांचा डोंगर बंद करून टाकला, असं तो सांगत होता. डोंगर म्हणजे ‘स्प्लॅश माउंटन’. ओंडक्याच्या आकाराच्या होडीत बसायचं, पाण्याच्या चरातून डोंगराच्या पोटात शिरायचं, आत गाणारे ससे-कोल्हे-अस्वलं बघत हळूहळू वर चढायचं आणि मग सुमारे ५२ फुटांवरून एकदम खाली. कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमध्ये ही राइड १९८९ मध्ये सुरू झाली, फ्लोरिडात आणि टोकियोत १९९२ मध्ये. फ्लोरिडातली त्या जानेवारीत बंद झाली, कॅलिफोर्नियातली मे महिन्यात. २०२४ मध्ये दोन्हीकडे तोच डोंगर ‘टियानाज बायू ॲडव्हेंचर’ म्हणून उघडला. चर तोच, चढ तोच, कडा तोच. आत मात्र सशाच्या जागी टियाना ही राजकन्या, न्यू ऑर्लिन्सचं संगीत आणि दलदलीतले प्राणी.

या असल्या बदलाला तिकडे ‘रिथीम’ म्हणतात. जुनी राइड पाडायची नाही, तिच्यातली गोष्ट काढून दुसरी भरायची. तिकडच्या लोकांना हे किती लागतं ते मला भाच्यामुळे कळलं. शेवटच्या दिवशी तासन्‌तास रांगा. राइडमधलं पाणी बरण्यांत भरून लोकांनी इंटरनेटवर विकायला काढलं. तापीचं पाणी तांब्यात भरून आपणही आणतो, पण ते पुण्याच्या आशेने. राइडच्या पाण्याला भाव येतो म्हणजे प्रकरण साधं नव्हे, एवढं मी मनाशी नोंदवलं आणि बहिणीला विचारलं, “अक्का, पोरगं ठीक शे ना?”

पोरगं ठीक होतं. पण त्याचा मुद्दा ऐकण्यासारखा होता. त्याचं म्हणणं, “तुमच्या ब्रेकडान्सवर मिथुन नुसता कमानीवर होता. आत बसल्यावर मिथुन दिसत नव्हता. आमचा ससा आत होता. गोष्ट काढली तर उरते नुसती घसरगुंडी.”

हे खरंच आहे. थीम पार्कातली गोष्ट पत्र्यावरची नसते. भिंती, उजेड, वास, गाणं, वळण घेतल्यावर काय दिसणार, सगळं त्या गोष्टीसाठी बेतलेलं असतं. यात्रेतला पाळणा शरीराला हलवतो, आणि त्याच्या पाटीचं काम तुम्ही तिकीट काढलंत की संपतं. तेव्हा ‘आमच्याकडे कुणी रडत नाही, तुम्ही का रडता’ असं म्हणून भाच्याला गप्प करणं बरोबर नव्हतं. मी वाचायला बसलो. निवृत्त माणसाला वाचायला वेळ असतो आणि भाच्याला हरवण्याची हौसही.

हाती आलं ते मजेदार होतं. कॅलिफोर्नियातल्या ज्या डोंगराला लोक ‘मूळ’ म्हणत होते, त्याच्या पोटातले बरेचसे गाणारे प्राणी मुळात त्या डोंगराचे नव्हतेच. ते ‘अमेरिका सिंग्ज’ नावाच्या जुन्या खेळातले. तो खेळ १९७४ पासून १९८८ पर्यंत चालला, प्रेक्षक कमी झाले, बंद पडला. मार्क डेव्हिस या चित्रकाराने बेतलेले ते यंत्रप्राणी टोनी बॅक्स्टर या डिझायनरने उचलले आणि नव्या डोंगरात नेऊन बसवले. म्हणजे आमच्या पेंटरसारखंच. ज्या बेडकासाठी लोकांनी २०२३ मध्ये डोळे पुसले, तो बेडूक आधीच एकदा घर बदलून आलेला होता.

दुसरी गोष्ट मजेदार नाही. ससा, कोल्हा आणि अस्वल ज्या सिनेमातून आले तो ‘साँग ऑफ द साउथ’, १९४६ चा. गुलामगिरी संपल्यानंतरचा अमेरिकेचा दक्षिण भाग त्यात असा दिसतो की मळ्यावरच्या काळ्या माणसांना कसलंच दुःख नाही, ते गातात आणि मालकाच्या मुलाला गोष्टी सांगतात. तेव्हाही त्यावर टीका झाली होती. पुढे डिस्नेने तो सिनेमा अमेरिकेत व्हिडिओवर कधी काढलाच नाही. आणि त्यात गोष्टी सांगणाऱ्या म्हाताऱ्याचं काम करणारा जेम्स बॅस्केट अटलांटातल्या पहिल्या खेळाला जाऊ शकला नाही, कारण शहरात वर्णभेद होता. ज्याच्या आवाजावर सिनेमा उभा, त्याला त्या थेटरात बसायला जागा नाही. नंतर त्याला मानद ऑस्कर दिलं गेलं.

म्हणजे कंपनीला सिनेमा दाखवायची लाज, पण त्याच सिनेमातल्या सशावर ३० वर्षांहून अधिक काळ डोंगर चालवायला हरकत नव्हती. २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइड हा काळा माणूस पोलिसांच्या हातून मेला, अमेरिका पेटली, लोकांनी याचिका केल्या आणि त्याच जूनमध्ये बदल जाहीर झाला. या ठिकाणी मी भाच्याच्या विरुद्ध आहे आणि ठाम आहे. हा बदल व्हायला हवा होता, खरं तर बराच आधी. कुणाच्या आज्याच्या अपमानावर माझ्या लेकराची मजा चालत असेल तर मजेने वाट बदलावी. आपल्याकडे यात्रेतल्या तमाशात जातीवरून चालणारे विनोद होते. लोक खो-खो हसायचे. पुढच्या काळात ते गळत गेले आणि त्यांच्यावाचून वग अडला नाही.

पण एक सल उरतोच. तो ससा मुळात सिनेमाचा नव्हता. जोएल चँडलर हॅरिस नावाच्या अटलांटाच्या पत्रकाराने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी या गोष्टी छापल्या, पण त्याने त्या काळ्या माणसांकडून ऐकल्या होत्या. त्यांनी त्या गुलामीत एकमेकांना सांगितल्या होत्या आणि चलाख सशाचं मूळ आफ्रिकेपर्यंत जातं. ताकदवान कोल्ह्याला दुबळा ससा बुद्धीने फसवतो. मळ्यावर राबणाऱ्याला अशी गोष्ट का सांगावीशी वाटत असेल ते समजावून सांगायला लागत नाही. म्हणजे ज्यांची गोष्ट, त्यांच्याकडून ती आधी पुस्तकाने घेतली, मग सिनेमाने रंगवली, मग डोंगराने विकली आणि शेवटी त्यांच्याच मानासाठी ती काढून टाकली. टियाना ही डिस्नेची पहिली काळी राजकन्या, तिला जागा मिळाली हे चांगलंच. पण सशाला त्याच्या खऱ्या आजीच्या तोंडून बोलतं करता आलं असतं. त्याला कष्ट पडले असते. टियानाचा सिनेमा कंपनीकडे तयार होता.

आणि इथेच मला माझं म्हणणं सापडलं. भांडण जुनं की नवं याचं नाही. ती राइड राइड म्हणून जन्माला आली होती की कुठल्या सिनेमाची पाटी म्हणून, हे आधी विचारायला हवं.

स्प्लॅश माउंटन पहिल्यापासून एका सिनेमाची उधारी होती. एक सिनेमा गेला, दुसरा आला, कडा तोच राहिला. माझ्या चार वर्षांच्या नातीला (भाच्याची धाकटी ती माझी नातच) या सगळ्याशी काही घेणं नव्हतं. तिला पडायचं होतं. कुणाच्या सोबतीने पडायचं, हा प्रश्न तिच्या बापाचा.

पण त्याच फ्लोरिडात एपकॉट नावाचा पार्क आहे. त्यात नॉर्वेच्या दालनात १९८८ पासून ‘मेलस्ट्रॉम’ नावाची होडीची राइड होती. व्हायकिंग, समुद्र, तीन डोक्यांचा राक्षस, होडी अचानक उलटी मागे जायची, आणि मधे समुद्रातून तेल काढायचा फलाट. कुणाचा अपमान नाही, कुठला सिनेमा नाही. एका देशाबद्दल काहीतरी सांगायचा थोडा विचित्र, थोडा कंटाळवाणा, पण स्वतःचा प्रयत्न. २०१४ मध्ये ती बंद केली आणि २०१६ मध्ये त्याच होड्या, त्याच चरात ‘फ्रोझन’ची राइड झाली. कारण एवढंच की सिनेमा जगभर तुफान चालला होता. स्प्लॅश माउंटनसाठी झाला तसला गदारोळ इथे झाला नाही, आणि मला मात्र हा तोटा मोठा वाटतो. तिथे एक देश होता, त्याच्या जागी देशाचा देखावा आला.

भाचा म्हणाला, “मामा, तुम्ही ती बघितली तरी होती का?” नाही बघितली. जुने व्हिडिओ बघितले. मिथुनला मी प्रत्यक्ष भेटलो नव्हतो, तरी त्याचा जबडा मला पाठ होता.

राइड म्हणून जन्मलेल्या राइडींमध्ये दोन नावं सगळ्यात मोठी. ‘पायरट्स ऑफ द कॅरिबियन’ १९६७ ची आणि ‘हाँटेड मॅन्शन’ १९६९ ची, दोन्ही डिस्नेलँडमधल्या. पायरट्सच्या कामावर वॉल्ट डिस्नेने स्वतः देखरेख केली होती. ती सुरू व्हायच्या काही महिने आधी, डिसेंबर १९६६ मध्ये, तो वारला. या दोघींच्या मागे कुठलाही सिनेमा नव्हता. सिनेमे २००३ मध्ये आले, राइडींवरून. ओघ उलटा होता. आणि २००६ मध्ये त्या सिनेमातला जॅक स्पॅरो राइडमध्ये आणून बसवला, म्हणजे नातवाने येऊन आजोबांच्या तसबिरीत आपला फोटो चिकटवला.

आता कुणी म्हणेल, मग तुमच्या हिशेबाने पायरट्सला हात लावायचाच नाही. तसं नाही. त्यात एक देखावा होता, समुद्री चाचे गावातल्या बायकांचा लिलाव करतात, लाल केसांच्या एका बाईवर बोली लावतात आणि बघणारे हसतात. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या दोन्ही पार्कांत तो बदलला. ती लाल केसांची बाई आता स्वतःच चाचेगिरी करते, हातात बंदूक, आणि लिलाव लुटीच्या मालाचा. बऱ्याच जणांना हे खटकलं. मला आवडलं. राइड तीच राहिली, तिच्याच जातीचं एक पात्र उठून उभं राहिलं. बाहेरून दत्तक आणलेला जॅक स्पॅरो मला जास्त खुपतो. डागडुजी करायची तर आतल्या लाकडाने करावी.

हाँटेड मॅन्शनबद्दलची एक गोष्ट मला फार शहाणपणाची वाटली. कॅलिफोर्नियात २००१ पासून बहुतेक वर्षी उन्हाळा सरताना त्या वाड्याला एका सिनेमातल्या भुतांचा साज चढवतात आणि नाताळानंतर उतरवतात. वाडा काही दिवस बंद, आणि मग पुन्हा आपल्या जुन्या भुतांसह उभा. ही पद्धत मला ओळखीची आहे. जळगावात कार्तिकी एकादशीला श्रीरामाचा रथ निघतो, १८७२ पासूनची परंपरा. दरवर्षी फुलं नवी, रोषणाई नवी, एके काळच्या टेंभ्यांची जागा विजेने घेतली. पण रथ तोच सागवानी, वाट तीच, आणि उतारावर चाकाखाली मोगरी, म्हणजे लाकडी ठोकळा, टाकून तो प्रचंड भार हवा तिथे थांबवणारे, वळवणारे हातही त्याच घराण्यांतले. मोगरी टाकणं हे पुस्तकातून येणारं काम नाही. बापाच्या शेजारी वाकून, बोटं सांभाळत शिकायचं. रथ काचेत ठेवला असता तर मोगरी टाकणारा संपला असता. दरवर्षी ओढावा लागतो म्हणून दरवर्षी कुणीतरी आरे तपासतो, तेल घालतो.

न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर ‘सायक्लोन’ नावाचा लाकडी रोलरकोस्टर आहे, १९२७ चा. १९८८ मध्ये शहराने त्याला वारसास्थळ ठरवलं. तो अजून धावतो. लाकूड कुजतं, बदलावं लागतं, रूळ बदलावे लागतात. त्यातलं सगळं लाकूड १९२७ चं नाही आणि तरी तो १९२७ चा आहे. लॉस एंजेलिसजवळच्या नॉट्स बेरी फार्ममध्ये १९६९ ची ओंडक्यांची राइड आहे. २०१३ मध्ये तिच्यात नवे हलते पुतळे बसवले, पण लाकूडतोड्यांचीच गोष्ट ठेवली. तिथे जुन्याला जुनंच नव्याने केलं. हे महाग पडतं आणि पोस्टरवर छापायला काही मिळत नाही, म्हणून कमी होतं.

अमळनेरकराने बदलाबद्दल फार गळा काढू नये हेही खरं. १९४५ मध्ये इथे वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स नावाची वनस्पती तुपाची कंपनी निघाली. तिचंच पुढे विप्रो झालं आणि ती जगाला सॉफ्टवेअर विकू लागली. याहून मोठं रिथीमिंग वॉल्ट डिस्नेनेही केलं नसेल.

तर मग सारंगखेड्याचं काय, असं मला माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याने विचारलं. तो तिकडचा, शहादा तालुक्यातला. तापीकाठी एकमुखी दत्ताची यात्रा, दत्तजयंतीला, आणि तिच्यासोबत देशातला नावाजलेला घोडेबाजार. मारवाडी, काठियावाडी घोडे, लाखांच्या बोली, घोड्याच्या कपाळावरच्या भोवऱ्यावरून चाललेले वाद. गेल्या काही वर्षांत सरकारच्या पर्यटन खात्याने त्याला ‘चेतक फेस्टिव्हल’ असं नाव दिलं. तंबूंची वसाहत, घोड्यांच्या शर्यती, नृत्य, छायाचित्रांच्या स्पर्धा. विद्यार्थी चिडलेला होता. “सर, यात्रेला फेस्टिव्हल म्हणायची गरज काय?”

मी म्हटलं, घोडा विकत घेणारा शेतकरी येतो का? येतो म्हणाला. दत्ताला नवसाचे गोड नैवेद्य चढतात का? चढतात. तुझी आई दुकानातून कढई घेते का? घेते. मग कमानीवर मिथुन आहे की सलमान, सोडून दे. ज्या वर्षी घोडे नुसते फोटोसाठी उभे राहतील आणि त्यांचा भाव कुणी विचारणार नाही, त्या वर्षी मला फोन कर. आपण दोघं मिळून चिडू.

भाच्याशी वाद मात्र २०२५ च्या जुलैत पुन्हा पेटला, आणि या वेळी आम्ही एकाच बाजूला आलो. मॅजिक किंगडममध्ये १९७१ पासून एक खोदलेली नदी होती, ‘रिव्हर्स ऑफ अमेरिका’. मधे बेट, भोवती मागच्या मोठ्या चाकावर चालणारी वाफेची बोट. तिच्यात थरार काहीच नव्हता. बोट संथ फिरायची, माणसं कठड्याला टेकून उभी राहायची, पोरं बेटावरच्या गुहांत शिरायची. ती नदी, ते बेट, ती बोट सगळं बंद केलं, ‘कार्स’ सिनेमाच्या गाड्यांसाठी. पाणी काढून जागा भरायची.

हे रिथीम नव्हे. होडीला नवा रंग दिला तर पुढच्या वर्षी खरवडता येतो, नदी बुजवली की बुजली. आणि गर्दीने भरलेल्या त्या पार्कात नुसतं उभं राहायला, वारा खायला, काही न करता बघायला जी थोडी जागा होती तीच गेली. भाच्याची बायको म्हणाली, “मामा, उन्हात पोरं रडायला लागली की मी बोटीत जाऊन बसायचे.” सगळ्या चर्चेत मला हे वाक्य सगळ्यात वजनदार वाटलं. नफ्याच्या वहीत बोटीवर बसलेली दमलेली आई कुठल्या रकान्यात लिहायची?

बोरीचं पात्र आम्हाला असंच फुकट मिळालं आहे. वर तामसवाडीला धरण झालं, उन्हाळ्यात पात्र कोरडं, म्हणून यात्रेला जागा. अधूनमधून कुणीतरी सुचवतं की काठाला भिंती बांधाव्या, पात्रात पक्के ओटे करावे, कायमचं मार्केट करावं. पाळण्यांच्या पाट्यांवर कुणाचंही तोंड छापा, माझी ना नाही. पण वाळूत सिमेंट ओतायला आलात तर हा ड्रॉइंग मास्तर खुर्ची टाकून पात्रात बसेल.

आता एका पाळण्याबद्दल, जिथे माझा नियम चालत नाही.

मौत का कुआँ. फळ्यांचा उभा गोल हौद, बाहेरून लोखंडी आधार, वर कठड्याभोवती प्रेक्षक. खाली सायलेन्सर काढलेली मोटरसायकल सुरू होते, उतरत्या फळीवरून वेग घेते आणि भिंतीवर आडवी धावते. वेग चाकांना फळीवर दाबून धरतो, आणि त्या दाबामुळे मिळणारं घर्षण गाडीला खाली येऊ देत नाही. वेग कमी झाला की संपलं. सगळा खेळ एवढाच. मग मारुती ८०० येते. अखेर गाडीवाला दोन्ही हात सोडून वर येतो आणि कठड्यावरून पुढे केलेली दहाची नोट पळता पळता घेतो. फळ्या थरथरतात, ती थरथर बघणाऱ्याच्या पायांतून पोटात जाते. हा खेळ अमेरिकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जन्मला आणि तिकडे आता मोजक्या ठिकाणी उरला आहे. आपल्याकडे तो अजून यात्रेत येतो, दरवर्षी थोडा कमी.

माझ्या हिशेबाने हा अस्सल राइड म्हणून जन्मलेला खेळ. त्याच्यामागे सिनेमा नाही, गोष्ट नाही, ब्रँड नाही. त्याच्या पाटीवर मी स्वतः कवटी काढली आहे आणि कवटीला गॉगल घातला आहे. तेव्हा ‘जपा’ म्हणायला हवं. पण इथे जपायचं यंत्र नाही. जपायची आहे ती एका तरुण पोराची बिनहेल्मेटची मान. सशाच्या डोंगरात यंत्र बिघडलं तर राइड थांबते. इथे बिघडलं तर माणूस थांबतो. ‘आमच्या लहानपणाची आठवण म्हणून हे चालू ठेवा’ हे वाक्य इथे मला उच्चारवत नाही.

गेल्या यात्रेत खेळ संपल्यावर मी एका चालवणाऱ्याशी बोलत बसलो. खाली, फळ्यांच्या आत, पेट्रोलच्या वासात. उत्तर प्रदेशातला माणूस, तीन पिढ्या याच कामात. म्हटलं, पोराला शिकवणार का? तो म्हणाला, पोरगा आयटीआयला डिझेल मेकॅनिक करतोय, गावी. भिंतीवर त्याला कधी चढू दिलं नाही. बोलता बोलता त्याने चेनला तेल घातलं, मागचं चाक हाताने फिरवून कान लावला आणि बेअरिंगचा आवाज ऐकला.

तो उतरला की हा खेळ उतरू दे, असं मला वाटतं. त्याआधी कुणीतरी या फळ्यांची मापं घ्यावीत, जोडणीचा क्रम चित्रित करावा, एक हौद कुठल्या तरी संग्रहालयात उभा करावा, भिंतीचा कोन पोरांना हाताने चाचपता येईल असा. भाच्याला हे पटलं नाही. त्याचं म्हणणं, हार्नेस लावा, हेल्मेट सक्तीचं करा, विमा काढा आणि चालू ठेवा, तुम्हीच म्हणता ना की चालू राहणं हेच जपणं. त्याचा मुद्दा चुकीचा नाही, फक्त दोर बांधलेल्या माणसाला बघायला कुणी तिकीट काढेल का, हा हिशेब पाळणेवाल्याला करावा लागेल. पुढच्या वैशाखात भाचा लेकरांना घेऊन येतो आहे. नातीला कुआँ दाखवायचा की नाही, यावर आमचं अजून ठरायचं आहे. तिची आई ‘नाही’ म्हणते.